पुसायचा राहिलेला दिवा

टिर्झाबाई वाकरूळकरांच्या आठवड्यात दोनच दिवस होते, मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे पाच आपले कॅलेंडरवर छापून यायचे. टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या एका उंच कॉन्डोच्या अकराव्या मजल्यावर त्या एकट्या राहत. सोमवारी कपडे धुवायचे, बुधवारी ग्रोसरी, गुरुवारी काही नाही, शनिवारी तर नाहीच नाही, आणि रविवारी दुपारी एडमंटनहून जेसीचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा फोन. तो फोन अकरा मिनिटं चाले. बाई काही मुद्दाम मोजत नसत. पण स्वयंपाकघरातलं घड्याळ नेमकं फोनच्या समोरच होतं, त्याला त्या काय करणार?

मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र कोणीतरी त्यांची वाट बघत असे. त्या दोन दिवशी सकाळी नऊला त्या डबा भरून निघत, आधी बस, मग सबवे, असा सव्वा तासाचा प्रवास करून डाउनटाउनमधल्या विद्यापीठात जात आणि तिथल्या एका बेसमेंटमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची मडकी खोक्यांत भरत.

हे काम त्यांना लायब्ररीतल्या एका पाटीवरून मिळालं. ग्रीक आणि रोमन काळातल्या वस्तूंचा जुना संग्रह नव्या खोक्यांत हलवायचा होता आणि त्यासाठी व्हॉलंटियर हवे होते. ग्रीक-रोमन म्हणजे काय हे बाईंना ठाऊक नव्हतं. पण नाजूक वस्तू हाताळणं, पुसणं, मोजणं, नंबर लावून ठेवणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून ट्रेमध्ये लावली होती. बावीस वर्षांत त्यांचा एकही ट्रे चुकला म्हणून वरच्या ऑपरेशन थिएटरमधून परत आला नव्हता. हे त्या सगळ्यांना सांगत, कोणी विचारलेलं नसलं तरी. संग्रह सांभाळणाऱ्या मार्गारेटलाही त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मार्गारेट मोजकं बोलणारी बाई. तिने त्यांचे हात बघितले आणि म्हणाली, "ट्यूजडे?"

पहिल्याच मंगळवारी एक मोठा पसरट मातीचा परळ हातात घेऊन बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "आता ह्याला कुठं ठेवू गं बाई?" तशी कोपऱ्यातल्या टेबलावरची एक मुलगी खुर्चीसकट गर्रकन वळली.

"तुम्ही मराठी?"

"मग काय फ्रेंच वाटले?"

"नाही, म्हणजे लिस्टवर टिर्झा नाव होतं, म्हणून मला वाटलं..."

"आम्ही बेने इस्राएल. ज्यू. पण पेणजवळच्या वाकरूळचे. आमचे आजोबा तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनिवारतेली म्हणायचं."

मुलगी हसायलाच लागली. तिचं नाव रुचा. पुण्याहून पीएच.डी.ला आलेली, आणि तिचा विषय काय, तर जुन्या दिव्यांत कुठलं तेल जाळत होते! "मावशी, म्हणजे आपण दोघी एकाच धंद्यातल्या," ती म्हणाली. त्या क्षणापासून बाई मावशी झाल्या. टोरांटोत त्यांना मावशी म्हणणारं त्याआधी कोणी नव्हतं. सणासुदीला भाड्याच्या हॉलमध्ये जमणारी आपली माणसं होती, पण कोणी गाडीतून नेलं तर जायचं, आणि नेणारेही आता म्हातारे होत चालले होते.

मग बाई डबा दोघींचा नेऊ लागल्या. रुचाला त्यांची नारळाच्या रसातली फिश करी इतकी आवडली की मार्गारेटने दारावर 'खाणं बाहेर' अशी पाटी लावली. दोघी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून जेवत, आणि रुचा बोलत असे. ती बोलायला लागली की थांबत नसे, आणि बाईंना तेच हवं होतं.

रुचाचे दिवे सायप्रसहून आलेले होते. साठ वर्षांपूर्वी तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर कोणी प्राध्यापकाने एक वस्ती खणली, आणि त्यातला वाटा रीतसर परवानगीने इकडे आला. तळहातावर मावेल एवढा एकेक मातीचा दिवा. वरून बंद, मधोमध तेल ओतायचं भोक आणि पुढे चोच, तिच्यात वात. त्यांतल्या तीन दिव्यांच्या चोचींवर काजळी शाबूत होती. ती काजळी खरवडून मशिनीत घातली की तेल ऑलिव्हचं, तिळाचं की चरबी, ते कळणार होतं. एवढ्याशा काळ्या डागावर रुचाची दोन वर्षं उभी होती. जानेवारीत तिला मशीन मिळणार होतं.

"पण मावशी, काजळी राहतेच कशी? बायका दिवे पुसतात की नाही?" तिने एकदा विचारलं.

"पुसतात तर! दर शुक्रवारी. नाही पुसला तर ज्योत धूर ओकते."

"तेच. बहुतेक दिवे पुसलेलेच मिळतात. हे तीन मात्र एका भूकंपात सापडलेल्या घरातले आहेत. संध्याकाळी लावले, घर कोसळलं. दुसऱ्या दिवशी कोणी पुसायला राहिलंच नाही." मग रुचाने त्यांतला सगळ्यात चांगला दिवा, मागची कडी तुटलेला आणि वर द्राक्षाचा घोस काढलेला, हळूच वळवून दाखवला. "फाइलमध्ये बघा. खणला कोणी, चित्र काढलं कोणी, जहाजात भरला कोणी, सगळ्यांची नावं आहेत. सगळे पुरुष. ज्या बाईने हा रोज लावला, तिचं काही नाही."

बाईंनी दिव्याच्या खोक्याचं झाकण लावलं.

घरी त्यांचाही एक दिवा होता. दिवा कसला, काचेची हंडी. पितळेच्या तीन साखळ्यांनी छताला टांगायची. अर्धी पाण्याने भरायची, वर खोबरेल तेल, त्यात तरंगती वात. ज्यूंचा सुट्टीचा शनिवार, शब्बाथ, शुक्रवारी सूर्य बुडताना सुरू होतो; त्याआधी ती लावायची, म्हणून दर शुक्रवारी दुपारी त्यांची आई ती उतरवून पुसायची, आणि लग्न झाल्यावर ते काम टिर्झाबाईंकडे आलं. वाकरूळ सुटलं, मुंबई सुटली, तरी शुक्रवारचं पुसणं सुटलं नाही. पन्नास वर्षं. हॉस्पिटलच्या नोकरीतही त्या शुक्रवारी सकाळची पाळी मागून घेत.

चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी हंडी लावलेली होती, टेबलावर मनुकांचं शरबत होतं, आणि त्यांचे यजमान इस्राएल प्याला उचलून प्रार्थना म्हणत होते. प्याला हातातून पडला. बाई ओरडल्या, "अहो, जरा धरून!" ते त्यांचं नवऱ्याशी शेवटचं बोलणं. मग अँब्युलन्स, मग रविवार, मग सगळं संपलंच. बाई सोमवारी घरी आल्या तेव्हा तेल जळून संपलं होतं आणि काचेचा काठ काळा झाला होता. त्यांनी हंडी तशीच उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बुटांच्या खोक्यात घालून कपाटात ठेवली. जेसी तेव्हा आठ दिवस राहिला आणि जाताना बॅटरीच्या दोन मेणबत्त्या आणून देऊन गेला. "सेफ आहेत, आई. तू एकटी असणार ना. नो फायर, नो टेन्शन." त्याचं काय चुकलं? त्या मेणबत्त्यांना पुसावं लागत नाही, वात लागत नाही, कळ दाबली की लागतात. बाई दर शुक्रवारी कळ दाबत, आणि दर शुक्रवारी त्यांना त्या मेणबत्त्यांचा मनस्वी राग येई.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी ते घडलं. चार वाजत आले होते, बाहेर अंधारून आलं होतं. मार्गारेट मीटिंगला गेली होती आणि रुचा कोणाचा तरी फोन घ्यायला वर गेली होती. बाईंना काम होतं ते इतकंच: पिवळी चिठ्ठी लावलेले ते तीन दिवे फोम कापून तयार केलेल्या एकेका नव्या ट्रेमध्ये बसवायचे. ते नुसत्या हातांनी धरायचे नाहीत, काळ्या जागेला काहीही लागू द्यायचं नाही. दोन बसवले. तिसऱ्याच्या ट्रेवर नंबर लिहायला त्यांनी ग्लोव्हज काढले, नंबर लिहिला, पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघितलं. बेसमेंटची ती बोटभर खिडकी, पण तिच्यातून उतरता उजेड दिसत होता.

पुढचं त्यांना आठवत नाही असं नाही. आठवतं, पण ते दुसऱ्याच कोणीतरी केल्यासारखं आठवतं. त्यांनी पर्समधून हातरुमाल काढला, त्याचं टोक तोंडाजवळ नेऊन वाफ दिली, आणि डाव्या हातात दिवा धरून उजव्या अंगठ्याने चोचीभोवती रुमाल फिरवला. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, मग आत बोट घालून. आई शिकवायची तस्संच. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक मीठ संपलंय असं. चोच स्वच्छ झाली. खालची लालसर माती छान उजळली. बाईंनी दिवा उजेडाकडे धरून बघितला, काम नीट झालं की बघतात तसा, आणि मग त्यांना कळलं की आपण कुठे आहोत.

रुमालावर काळा पट्टा उमटला होता. जिन्यावर रुचाची पावलं वाजत होती. त्यांनी दिवा ट्रेमध्ये ठेवला, झाकण लावलं, रुमाल पर्समध्ये कोंबला.

"झालं, मावशी?"

"झालं."

"तुम्ही आहात म्हणून निभतंय माझं," रुचा म्हणाली आणि त्यांच्या खांद्याला खांदा घासून गेली. बाईंना त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार गेला. रविवारी जेसीचा फोन आला. "ऑल गुड, आई?" त्याने विचारलं, आणि बाई म्हणाल्या, "ऑल गुड." घड्याळात बघितलं तर नऊच मिनिटं झाली होती. त्यांनी मनाशी सगळे हिशोब केले. खोकं जानेवारीपर्यंत कोणी उघडणार नाही. उघडलं तरी काजळी वाहतुकीत झडली असेल असंच वाटेल. कोणी बघितलं नव्हतं. आणि सांगितलं तर? सांगितलं तर मंगळवार गेला, शुक्रवार गेला, मावशी म्हणणारी मुलगी गेली. मग आठवड्यात उरलं काय? कपडे आणि ग्रोसरी. त्या विचाराने त्यांना खरोखरची भीती वाटली, अंधारात मुलांना वाटते तशी.

पण हॉस्पिटलच्या तळघरात एक नियम होता. चिमटा जमिनीवर पडला तर सांगायचं. कोणी बघितलेलं नसेल तर आधी सांगायचं, कारण मग सांगणारं दुसरं कोणी नसतं. बावीस वर्षांत एकही ट्रे परत आला नव्हता तो काही बाईंच्या हातून चिमटा कधी पडलाच नाही म्हणून नव्हे.

मंगळवारी त्या गेल्या. डबा नेला नव्हता. झिपच्या पिशवीत घातलेला हातरुमाल त्यांनी रुचासमोर टेबलावर ठेवला आणि सांगितलं.

रुचाने आधी झाकण उघडून बघितलं. मग वर न बघताच ती म्हणाली, "मावशी, हा सगळ्यात बेस्ट होता. माझा मेन सँपल होता हा. दोन वर्षं... का पण? का केलंत तुम्ही असं?"

"हात गेला गं."

"हात गेला म्हणजे काय?"

बाईंनी विचारलं, "रुमालावरचं नाही का चालणार? सगळं ह्याच्यावरच आहे."

"त्याच्यावर तुमचं हँडक्रीम आहे, साबण आहे, खोबरेल आहे. आता त्यातून काय कळणार, टिर्झा मावशीने डोक्याला काय लावलं ते?" असं म्हणून ती रडायला लागली, आणि बाईंना तिला जवळ घेता आलं नाही, कारण रडवलं त्यांनीच होतं.

मार्गारेट ओरडली नाही. तिने रुमालाच्या पिशवीवर दिव्याचाच नंबर घातला आणि ती दिव्याशेजारी ठेवली. मग बाईंना दारापर्यंत सोडायला आली. "यू टोल्ड अस. थँक यू," ती म्हणाली. "गरज पडली की आम्ही कळवू." बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाईंनी गळ्यातला पास काढून तिच्या हातात दिला.

त्यानंतरचे तीन आठवडे घर खायला उठलं. बर्फ पडलं, खाली बिल्डिंगची माणसं शोव्हल करत होती, बाई अकराव्या मजल्यावरून बघत होत्या. मंगळवारी सकाळी नऊला त्यांचे पाय आपोआप बुटांकडे जात. एकदा तर त्या बूट घालून, कोट घालून लिफ्टपर्यंत गेल्या, आणि खाली उतरून टपाल घेऊन परत आल्या. टपालात काही नव्हतं. डबा दोघींचाच होत होता. उरलेलं दुसऱ्या दिवशी खायच्या, आणि खाताना त्यांना वाटे, आपल्याशी शेवटचं मराठी कोण बोललं? रुचाच. आणि काय बोलली? का केलंत.

डिसेंबरमध्ये, गुरुवारी, फोन वाजला.

"मावशी, रुचा." आवाज सरळ होता, गोडही नाही आणि कडूही नाही. "दिव्याचा कंडिशन रिपोर्ट भरायचाय. तुमची सही लागेल. उद्या सकाळी याल?"

बाई गेल्या. दारावर बेल दाबून उभ्या राहिल्या, पाहुणी आल्यासारख्या. रुचाने फॉर्म स्क्रीनवर काढून ठेवला होता. वस्तू, नंबर, आधीची स्थिती, आताची स्थिती. पुसलं कोणी, कधी, कशाने. सगळं भरलेलं होतं. 'कारण' या रकान्यात तिने 'अपघाताने' असं लिहिलं होतं.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"हातातून पडला असता तर अपघात. पडला कुठे?"

"मग काय लिहू? निष्काळजीपणा लिहिलं तर तुम्हालाच वाईट दिसेल, मावशी."

"निष्काळजी!" बाईंचा आवाज चढला. मार्गारेटने पलीकडच्या टेबलावरून मान वर केली. "अगं, निष्काळजी असते तर तो तसाच राहिला असता. मी नीट पुसला तो. काळजीनेच पुसला." त्या थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "लिही, शुक्रवार होता. आणि तो पुसायचा राहिला होता."

रुचाचे हात कळांवर होते ते तिथेच राहिले. तिने बाईंकडे पाहिलं, चार आठवड्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग तिने आधीचा शब्द खोडला आणि इंग्रजीत तेवढंच लिहिलं, दोन छोटी वाक्यं. मार्गारेट उठून मागे येऊन उभी राहिली. बाईंना वाटलं, आता ही म्हणेल असं चालत नाही. मार्गारेटने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "फुल नेम?"

"टिर्झा इस्राएल वाकरूळकर," बाई म्हणाल्या, आणि स्पेलिंग एकेक अक्षर सांगितलं.

सही झाल्यावर रुचाने सहज फाइल वरपर्यंत नेली. खणणारा, चित्र काढणारा, जहाजात भरणारा, नोंद करणारा. साठ वर्षांची पुरुषांची नावं, आणि सगळ्यांच्या खाली एक बाई, जिने दिवा पुसला. बाईंनी आपलं नाव वाचलं. रुचाही वाचत होती. 'परत या' असं ती म्हणाली नाही. ते तिच्या हातात नव्हतंच. निघताना तिने फक्त विचारलं, "मावशी, तुमच्या घरी पण असा दिवा आहे ना?"

"आहे."

"कसा आहे?"

"मळलाय," बाई म्हणाल्या.

तीन वाजता त्या घरी पोचल्या. सूर्य पावणेपाचच्या आधी बुडणार होता. कोट न काढताच त्यांनी कपाटातून बुटांचं खोकं काढलं, वर्तमानपत्र उलगडलं. चार वर्षांपूर्वीची काजळी काचेच्या काठावर जशीच्या तशी होती. बाई तिच्याकडे बघत खुर्चीवर बसल्या, आणि इतके दिवस जे आलं नव्हतं ते रडू आलं, मोठ्याने, अकराव्या मजल्यावर ऐकायला कोणी नाही तसं. मग त्यांनी डोळे पुसायला पर्समध्ये हात घातला. रुमाल नव्हता. तो आता नंबर लावून सायप्रसच्या दिव्याशेजारी खोक्यात होता.

त्या उठल्या, इस्राएलच्या खणातून त्यांचा घडी केलेला पांढरा रुमाल काढला, टोकाला वाफ दिली, आणि काचेच्या काठावरून अंगठा फिरवला, आधी उजवीकडून, मग डावीकडून.